नऊ दिवसांत गेलेलं घर

"नऊ दिवसांत गेलं? म्हणजे स्वस्तात दिलंत!" डिसेंबर २०२० मध्ये आमचं कोथरूडचं घर विकलं गेलं, तेव्हा हे वाक्य आम्ही इतक्या जणांकडून ऐकलं की शेवटी दादानं खुलासा करणंच सोडून दिलं. स्वस्तात दिलं नव्हतं. त्या रस्त्यावर जो भाव चालू होता, त्याच भावानं दिलं होतं. ६ डिसेंबरच्या रविवारी एजंटला 'दाखवायला हरकत नाही' म्हणून सांगितलं आणि १५ तारखेच्या मंगळवारी विसार हातात आला. खरं तर तो सोमवारीच यायचा. पण सोमवारी नेमकी सोमवती अमावास्या होती, आणि घेणाऱ्यांच्या सासूबाई व देणाऱ्यांची आई या दोघींचं त्या बाबतीत एकमेकींना न विचारताच एकमत झालं होतं.

घर म्हणजे रो-हाऊस. हल्लीच्या जाहिरातींत याच प्रकाराला 'टाउनहाऊस' म्हणतात आणि त्यामुळे दर चौरस फुटाला काहीतरी वाढतं, असं एजंट गंभीरपणे सांगत होता. एका ओळीत चौदा घरं, आगगाडीच्या डब्यांसारखी एकमेकांना चिकटलेली, आमचं सातवं. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघराला लागून एक लहानशी खोली. वर दोन खोल्या, त्यावर गच्ची. पुढं गाडी कशीबशी मावेल एवढं अंगण आणि फाटकाशी पारिजातक; मागं धुण्याचा दगड आणि कढीलिंबाचं झाड. १९८८ साली बाबांनी ते पावणेतीन लाखांना घेतलं. गृहकर्जाचे व्याजदर तेव्हा दोन आकडी असत, आणि कर्ज काढून घर घेतलेल्या माणसाकडे नातेवाईक जरा काळजीनंच बघत.

आईच्या दृष्टीनं हे घर म्हणजे वाड्याचा धाकटा भाऊ होता. ती नारायण पेठेतल्या वाड्यात वाढली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि त्या पुरात तो वाडा गेला, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. लग्नानंतर सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या वाड्यात दोन खोल्यांत भाड्यानं एकवीस वर्षं काढली. वाड्यांबद्दल आता फार हळवं होऊन लिहायची पद्धत आहे. ज्यांनी चौकातल्या एका नळापुढं बादल्यांची रांग लावली, त्या बायका मात्र तसं बोलत नाहीत. १९४७ च्या मुंबई भाडेकायद्यानं भाडी गोठलेली. त्यामुळे मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती आणि भाडेकरूला सोडून जाणं परवडत नव्हतं. पावसाळ्यात दोघंही एकाच छपराखाली भिजत. तरीसुद्धा वाड्यानं आईला एक सवय लावली होती. पायाखाली जमीन असण्याची, आणि दार उघडलं की चार पावलांत रस्ता असण्याची. जवळच चार मजली इमारतीत कमी पैशांत फ्लॅट मिळत असताना तिनं बाबांना या घरासाठी भरीस पाडलं ते त्यामुळंच. "जिना चढून घरात जायचं नाही, घरात जाऊन जिना चढायचा," असं ती म्हणे.

त्याच जिन्यानं घात केला. बाबा २०१६ मध्ये गेले. टाळेबंदीचे महिने आईनं त्या घरात एकटीनं काढले, आणि ऑक्टोबरात चौथ्या पायरीवरून घसरून डावं मनगट मोडून घेतलं. दादा बावधनला राहतो. त्याच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक लहान फ्लॅट विकाऊ होता, लिफ्ट होती, खाली औषधांचं दुकान होतं. तो घ्यायचा, उरलेले पैसे आईच्या नावावर ठेवायचे आणि त्याच्या व्याजावर तिचं पुढचं सगळं भागवायचं, असा हिशेब दादानं वहीत मांडला होता. हिशेब बरोबरच होता. आईनं तो तीनदा वाचला आणि "बरं" म्हणाली.

घर दाखवायचं ठरल्यावर दादानं आठवडाभरात त्याचं रूप पालटलं. बैठकीच्या खोलीला हस्तिदंती रंग, स्वयंपाकघराच्या ओट्यावर नव्या टाइल्स, नळांना नव्या चकचकीत तोट्या. जिन्याच्या भिंतीवर विशेष मेहनत घेतली गेली. रो-हाऊसमध्ये राहिलेल्यांना कारण सांगायला नको. दोन घरांच्या गच्च्या जिथं जुळतात तिथला जोड कधी ना कधी उकलतो, आणि पाणी मधल्या भिंतीत उतरतं. आमच्या नि आठव्या घराच्या मधल्या भिंतीला दर पावसाळ्यात नकाशासारखी ओल येई. डिसेंबरात भिंत कोरडी असते. दादानं पुट्टी लावली, वर रंग दिला आणि आम्हाला बजावलं, "कुणी विचारल्याशिवाय यावर बोलायचं नाही."

मग माणसं यायला लागली. मुखपट्ट्या लावून, दाराशी सॅनिटायझर घेऊन, एका वेळी दोघं-तिघंच. चेहरे अर्धेच दिसत. "चपला कुठं काढतात त्यावरून कळतंय कोण कसं ते," असं आई म्हणे. एवढी माणसं एकदम का आली, याची कारणं उघड होती. १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात राज्य सरकारनं मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सवलत दिली होती, आणि वर्ष संपायच्या आत खरेदी उरकायची प्रत्येकाला घाई होती. दुसरं म्हणजे, सात-आठ महिने घरात कोंडून बसलेल्या लोकांना आपलं घर पहिल्यांदाच नीट दिसलं होतं. लिफ्टचं बटण दाबायची भीती ज्यांनी अनुभवली होती, त्यांना रस्त्यावर उघडणाऱ्या स्वतःच्या दाराचं महत्त्व एजंटनं पटवायची गरज उरली नव्हती.

गंमत अशी की आम्ही जे दाखवत होतो ते कुणीच बघत नव्हतं. नव्या टाइल्सकडे एकानंही ढुंकून पाहिलं नाही. संगणकाच्या कंपनीत काम करणारं एक जोडपं आलं. ते दोघं वरच्या दोन खोल्यांत गेले, दारं लावून घेतली आणि एकमेकांना फोन करून बोलू लागले. आम्हाला वाटलं भांडण झालं! तर ते एका खोलीतली मीटिंग दुसऱ्या खोलीत ऐकू येते का, हे तपासत होते. सोसायटीत खजिनदार असलेले एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांनी घराआधी सोसायटीच्या जमाखर्चाची वही मागितली, आणि ती बघून झाल्यावर घर न बघताच "छान आहे" म्हणाले. पेठेतलं एक वृद्ध दांपत्य आलं. त्यांना अंगण फार आवडलं, पण मधलं घर असल्यामुळे उजेड पुढून आणि मागूनच येतो, बाजूला खिडकी नाही, हे त्यांच्या मनाला काही पटेना. कोपऱ्यावरच्या घराला जास्त भाव येतो तो त्यामुळंच. मधल्या घराच्या दोन्ही भिंतींना ऊन लागत नाही, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत ते थंड राहतं, ही गोष्ट मात्र जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

एक गृहस्थ आले ते थेट गच्चीवर गेले. खालच्या खोल्या त्यांनी येता-जाता पाहिल्या असतील तेवढ्याच. कठड्याशी उभे राहून ते वर आकाशाकडे बघत होते. त्याच महिन्याच्या सुरुवातीला, २ डिसेंबरला, राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर झाली होती. मुंबई वगळता बहुतेक शहरांतल्या बांधकामाची गणितं तिनं नव्यानं मांडली होती. गृहस्थांना घर नको होतं, घराच्या वरची हवा हवी होती. "शेजारच्या दोघा-तिघांना विकायचं आहे का हो?" एवढं त्यांनी विचारलं आणि दुसऱ्याच दिवशी एजंटकरवी आकडा कळवला.

आणि एक कुटुंब आलं. नवरा-बायको, दोन मुली आणि सासूबाई. धनकवडीला तिसऱ्या मजल्यावर राहत होते. मुली गच्चीवर पळाल्या, नवरा फाटकाची रुंदी पावलांनी मोजू लागला. सासूबाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला आणि धार बघत उभ्या राहिल्या. "पाणी किती वाजता येतं? मागच्या दारी ऊन कुठवर असतं? खालच्या खोलीत रात्री दिवा लावायला बटण कुठं आहे, पलंगावरून हात पोचतो का?" मग त्या जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसल्या आणि उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. वर जायचं त्यांनी नावही काढलं नाही. त्यांचं घर तळमजल्यापुरतं होतं, आणि तेवढं त्यांनी दहा मिनिटांत तपासून घेतलं.

आईला त्या बाई आवडल्या असाव्यात. कारण त्या जायला निघाल्या तेव्हा ही जिन्यापाशी गेली आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "इथं पावसाळ्यात ओल येते बरं का. आत्ता रंग दिलाय म्हणून दिसत नाही."

दादाचा चेहरा मुखपट्टीच्या वरच्या अर्ध्या भागातही स्पष्ट वाचता येत होता.

माझा मामेभाऊ लंडनला असतो. त्या आठवड्यात तो रोज फोन करून बातम्या घेत होता, कारण तो स्वतः अशाच एका ओळीतल्या घरात राहतो. तिथं या घरांना 'टेरेस' म्हणतात. त्याच्या बायकोला लग्नानंतर वर्षभर वाटायचं, की आपल्याला गच्चीवर राहायचं आहे! लंडनला १६६६ साली मोठी आग लागली, लाकडी घरांचं शहर जळून गेलं, आणि नंतर झालेल्या कायद्यानं घरं विटा-दगडांचीच हवीत, दोन घरांमधली भिंत अमुक जाडीची हवी, असे नियम घातले. आजही तिथं असं घर विकायला काढलं की पहिला प्रश्न रंगाचा नसतो, जमिनीचा असतो. जमीन घरासकट कायमची तुमच्या मालकीची, की ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर? घरं बहुधा पहिल्या प्रकारची असतात, फ्लॅट दुसऱ्या. आईनं ओलीचं सांगून टाकल्याचं ऐकून मामेभाऊ हसला. तिकडे घेणारा स्वतःच्या खर्चानं तज्ज्ञ आणून ओल मोजून घेतो म्हणे. "आत्यानं त्यांचे पैसे वाचवले."

लंडनच्या घरांचा विषय निघाला म्हणून आठवलं. तिथल्याच किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं. १९२१-२२ मध्ये शिकत असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं राहत होते. आता तिथं त्यांचं स्मारक आहे. त्या व्यवहारात खोल्या किती आणि ऊन कुठून येतं हे कोण विचारत बसणार? घर तेच, पण घेणाऱ्याची नजर बदलली की त्याचा मालच बदलतो. आमच्या गच्चीवर उभ्या राहिलेल्या गृहस्थांनी आणि पायरीवर बसलेल्या बाईंनी एकच घर पाहिलं होतं, असं मला अजूनही वाटत नाही.

आता वेगाबद्दल. सवलतीची मुदत, टाळेबंदी ही कारणं खरी, पण ती सगळ्या शहराला लागू होती. आमच्याच मागच्या गल्लीत दुसऱ्या ओळीतलं एक रो-हाऊस त्याच दिवसांत विकायला होतं. ते पुढं कितीतरी महिने रेंगाळलं. फरक होता तो बाबांच्या फाइलमध्ये.

ही फाइल म्हणजे आमच्या घरातला जुना विनोद. पिवळ्या पुठ्ठ्याची, लाल फितीनं बांधलेली, कपाटात दागिन्यांच्या वरच्या कप्प्यात ठेवलेली. आमची सोसायटी १९९० मध्ये नोंदली गेली. मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा १९६३ चा कायदा सांगतो, की सोसायटी झाल्यावर चार महिन्यांच्या आत बिल्डरनं जमीन तिच्या नावावर करून द्यायची. आमच्या बिल्डरनं तेवीस वर्षांत ती करून दिली नाही. बाबा आणि ओळीतले आणखी दोघे महिन्यातून एका शनिवारी त्याच्या ऑफिसात जाऊन बसत. चहा मिळे, आश्वासन मिळे. "तुमच्याच ताब्यात आहे ना घर? मग कागदाचं काय एवढं!" असं तो म्हणे, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तसंच वाटे. २००८ च्या दुरुस्तीनं डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे सरकारी मराठीत मानीव अभिहस्तांतरणाचा, मार्ग खुला झाला. बिल्डर सही देत नसेल तर सोसायटीनं सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे जायचं. बाबांनी तेव्हा सत्तरी गाठली होती. नकाशाची नक्कल, भोगवटा प्रमाणपत्र, चौदा जणांचे करार आणि इंडेक्स टू. एका घराचा मूळ करार वाळवीनं खाल्लेला, त्याची नोंदणी कार्यालयातून प्रत काढणं. २०१३ साली मिळकत पत्रिकेवर सोसायटीचं नाव लागलं, त्या दिवशी बाबांनी ओळीतल्या चौदाही घरांत पेढे वाटले. आम्ही म्हटलं, नवीन काय मिळालं? घर तर आपलंच होतं!

बाबा गेल्यावरही फाइलनं आम्हाला कामाला लावलं. नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं, आणि नॉमिनी म्हणजे मालक अशी आमची समजूत होती. फाइलच्या पहिल्याच पानावर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी होती, की ही समजूत चुकीची आहे, दोन्ही मुलांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवून घ्यावं. २०१७ मध्ये आम्ही मुकाट्यानं ते केलं. धनकवडीच्या कुटुंबाच्या बँकेच्या वकिलानं फाइल ताब्यात घेतली आणि दोन दिवसांत परत दिली. एकही कागद मागायचा राहिला नव्हता. मागच्या गल्लीतल्या घराचं अडलं होतं ते इथंच. जमीन अजून मूळ मालकाच्या वारसांच्या नावावर, आणि वारसांपैकी एकाचा पत्ता कुणालाच माहीत नाही.

विसार घ्यायच्या आधीचे तीन दिवस मात्र घरात चांगले गेले नाहीत. गच्चीवरच्या गृहस्थांचा आकडा चार लाखांनी जास्त होता, आणि त्यांना कर्ज काढायचं नव्हतं. धनकवडीच्या कुटुंबानं उलट ओलीच्या दुरुस्तीसाठी पन्नास हजार कमी करायला सांगितले. दादाचं म्हणणं साधं होतं, की साडेचार लाख म्हणजे आईच्या औषधांची आणि कामवाल्या बाईच्या पगाराची काही वर्षं. "घर विकायचं ठरल्यावर पुढं त्यात कोण राहतो, याच्याशी आपल्याला काय करायचंय?" मला त्याचं पटत होतं. मी तसं बोललेही.

आई म्हणाली, "तो राहायला येणार नाही. कुलूप लावून ठेवील. गच्ची कोण झाडणार? पन्हाळी तुंबली की पाणी आठव्याच्या भिंतीत जातं." आठव्या घरात एकट्या राहणाऱ्या मावशी आईहून मोठ्या होत्या, टाळेबंदीत दोघींनी गच्चीच्या कठड्यावरून एकमेकींना भाजी दिली होती. आणि त्या गृहस्थांनी उद्या वरचा मजला चढवायचा म्हटलं तर सहाव्या आणि आठव्या घरानं काय करायचं, असंही ती म्हणाली. यात भावनेचा भाग किती आणि बत्तीस वर्षं सामाईक भिंतीशेजारी राहिलेल्या बाईचा व्यवहार किती, हे मला सांगता येणार नाही. दादा दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. सही तिची होती. तिनं धनकवडीला होकार कळवायला सांगितलं.

२८ डिसेंबरला खरेदीखत झालं. नोंदणी कार्यालयाबाहेर इतकी गर्दी होती, की अंतर राखण्यासाठी आखलेले गोल पायांखाली दिसेनासे झाले होते. नुकतंच प्लास्टर निघालेल्या डाव्या हाताचा अंगठा यंत्रावर उमटता उमटेना. कारकुनानं तिसऱ्यांदा तिचा हात हलकेच दाबून धरला. दादा बाहेर तिच्यासाठी खुर्ची शोधत हिंडत होता.

फेब्रुवारीत नव्या मालकांनी पारिजातक काढला. गाडी आत येत नव्हती. मला ते आठव्या घरातल्या मावशींकडून कळलं आणि आईला सांगावं की नाही, असा मी आठवडाभर विचार केला. सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "फाटक तीन फूट उजवीकडे घेतलं असतं तर राहिला असता. त्यांना सुचलं नसेल."

जुलैत एका दुपारी धनकवडीच्या सासूबाईंचा फोन आला. आता त्यांना धनकवडीच्या म्हणायचं कारण नाही, पण आमच्याकडे तेच नाव पडलं आहे. चार दिवस पाऊस लागून राहिला होता.

"तुम्ही दाखवलं होतंत ना, अगदी तिथंच आलीय ओल," त्या म्हणाल्या.

आईनं चष्मा लावला, फोनशेजारची वही उघडली आणि गवंड्याचा नंबर सांगितला. "एकट्यानं काम काढू नका. आठव्या घरातल्या मावशींना आधी विचारा, दोन्ही गच्च्यांचा जोड एकदमच करावा लागतो. आणि पाऊस पूर्ण थांबल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नका, तो घाई करतो."